दार आपोआप लागावे म्हणून

मैत्रिणींनो, या आठवड्याचे पत्र देवळीचे आहे. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की सतरा-अठरा किलोमीटरवर लागते ती देवळी. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने नाव छापू नये अशी विनंती केली आहे, तेव्हा नाव देत नाही. पण तिची अडचण वाचून पुष्कळ जणींना आपलेच घर आठवेल.

घराच्या बाजूला पूर्वी गोठा होता. बैल गेले, बंडी गेली. त्या जागी विटांची खोली बांधून पुढे दहा फुटी लोखंडी शटर लावले. आत आता एक चारचाकी, दोन मोटारसायकली आणि फवारणीचा पंप असतो. कापूस घरी आला की एका भिंतीला कापसाचा ढीगही लागतो. सकाळी एकेक जण आपापली गाडी काढतो नि चालू लागतो. शटर उघडे ते उघडेच! मग कुत्री शिरतात, डुकरे शिरतात. गेल्या पावसाळ्यात तर चाकामागे नाग निघाला. "दिवसातून दहा वेळा 'शटर काऊन नाही लावलं?' म्हणून ओरडते, पण ऐकतो कोण?" असे ती लिहिते. आता मुलाने ठरवले आहे की शटरला मोटर बसवायची आणि मोटरीला टायमर लावायचा. गाडी बाहेर पडली की एका मिनिटात दार आपोआप खाली. घरात सगळे खूश आहेत. हिच्या मनात मात्र शंका आहे. घरात दोन वर्षांची नात आहे, ती दिसेल तिकडे धावते. आणि सासूबाई दुपारी त्या शटरच्या उंबऱ्यातच सावलीला बसून तूर निवडतात. त्यांना ऐकू कमी येते. "यंत्र बसवावे की नाही, एवढे सांगा."

बसवावे. मोटर जरूर बसवावी. टायमर मात्र इतक्यात नको. का, ते सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट कबूल करू या. दार आपोआप लावणारे यंत्र आपल्या प्रत्येक घरात पूर्वीपासूनच आहे, त्याला घरोघरी 'आई' म्हणतात. हातातली पोळी तव्यावर टाकून तीच उठते, पाहते आणि शटर ओढते. या जुन्या यंत्रात एक सोय होती, बरे का! ते दार लावताना खाली पाहत असे. शटर हाताने ओढणारी बाई दाराखाली पोर आहे का, मांजर आहे का, हे न ठरवताही पाहतेच. मोटर आली की ओढण्याचे कष्ट वाचतात, ते चांगलेच आहे. पण पाहण्याचे काम कोणाकडे गेले, हे कोणी विचारत नाही.

शटरचे वजन किती असते याची कल्पना आहे का? हिशेब सोपा आहे. दहा फूट रुंद, आठ फूट उंच शटर म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा धरला तर नुसता सपाट पत्राच सत्तर किलोच्या घरात जातो. पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी त्यांच्या कडा वळवलेल्या असतात, त्याला जास्तीचा पत्रा लागतो. वर तळाची जाड पट्टी. सगळे मिळून शंभर किलोच्या आसपास लोखंड आपल्या डोक्यावर गुंडाळून ठेवलेले असते. एरवी ते हाताने हलके लागते, कारण वरच्या पाइपात स्प्रिंगा असतात आणि बहुतेक वजन त्या पेलतात.

आणि मोटर? साध्या मोटरीला दोनच गोष्टी कळतात : वर कुठे थांबायचे आणि खाली कुठे थांबायचे. त्यासाठी तिच्यात लिमिट स्विच असतात. या दोन टोकांच्या मध्ये कोणी आहे की नाही, हे तिला कळत नाही. पोते असो, सायकल असो की पोर असो, तिच्या लेखी सारखेच.

हे मी उगीच भीती घालायला लिहीत नाही. अमेरिकेत विजेवर वर-खाली होणारी गॅरेजची दारे १९२६ पासून आहेत. तिथे पुष्कळ घरांना गॅरेज असते, त्यामुळे पुढे अशी दारे सर्रास झाली. खाली येणाऱ्या दाराच्या आधी पलीकडे धावून जायचे, हा मुलांचा खेळ झाला. दाराखाली सापडून तिथे अनेक मुले दगावली. शेवटी १९९० साली तिथल्या संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांवर नियम आला. दार कशाला टेकले तर ते उलटे वर गेलेच पाहिजे. शिवाय अडथळा ओळखणारी दुसरी एक सोय हवी, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना बसवायचे 'डोळे' किंवा दाराच्या खालच्या कडेला दाब ओळखणारी पट्टी. तिथली दारे रुंद फळ्यांची असतात आणि छताखाली आडवी सरकतात, आपले शटर पाइपावर गुंडाळले जाते. पण दाराखाली येणारे मूल तेच!

आपल्याकडे शटरच्या मोटरीबरोबर रिमोट मिळतो. 'डोळे' मात्र बहुधा वेगळे मागावे लागतात आणि त्यांचे पैसेही वेगळे पडतात. म्हणून घरच्या पुरुषमंडळींकडून 'ते नंतर बघू' असे उत्तर येते. मैत्रिणींनो, इथे मात्र हट्ट धरा. पैसे कमी पडत असतील तर टायमर नंतर घ्या, मोटरसुद्धा पुढच्या वर्षी घ्या. पण मोटर येईल त्या दिवशी डोळेही आले पाहिजेत.

हे डोळे म्हणजे सेन्सरची एक जोडी. एका बाजूच्या चौकटीवरून डोळ्याला न दिसणारा प्रकाशाचा किरण निघतो, समोरच्या चौकटीवरची डबी तो झेलते. दार खाली येत असताना मध्ये काही आले की किरण तुटतो आणि मोटरीला निरोप जातो. इथे दुकानदाराला एक प्रश्न नेमका विचारा : "किरण तुटला की दार नुसते थांबते, की परत वर जाते?" परत वर गेले पाहिजे. नुसते थांबलेले शटर एखाद्याच्या पाठीवर टेकून उभे राहिले तर त्याचा काय उपयोग?

डोळे किती उंचीवर हवेत? अमेरिकेतल्या नियमात जमिनीपासून सहा इंचांच्या वर नको असे आहे, कारण रांगते मूल त्याहून वरच्या किरणाखालून सहज निघून जाईल. आपल्याकडे मिस्त्री सोयीसाठी कमरेच्या उंचीवर बसवून मोकळे होतात. वाकावे लागत नाही ना! त्यांना खाली बसवायला लावा. पण सहा इंचांवरच्या किरणाचीही एक अडचण आहे. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर उभी असेल तर चाके किरणाच्या दोन्ही बाजूंना राहतात आणि किरण गाडीच्या पोटाखालून आरपार जातो. यंत्राला वाटते, रस्ता मोकळा आहे! म्हणून जिथे चारचाकी आहे तिथे दुसरी जोडी दोन-अडीच फुटांवर लावणे शहाणपणाचे. खालची जोडी नातीसाठी आणि कुत्र्या-मांजरासाठी, वरची गाडीसाठी आणि स्टुलावर बसलेल्या आजीसाठी. शिवाय तळपट्टीला रबरी दाबपट्टी मिळत असेल तर तीही घ्यावी. किरण ही शेवटी एक रेघ असते. रेघेच्या जरा अलीकडे-पलीकडे असलेला हात किंवा डोके तिला दिसत नाही. टेकताक्षणी दार उलटवणारी पट्टी तिथे कामाला येते.

आता टायमर. रिमोटचे बटन दाबणारा माणूस निदान समोर उभा असतो, दार डोळ्यांनी पाहू शकतो. टायमरने दार लागते तेव्हा तिथे कोणी असतेच असे नाही. मुलगा गाडी घेऊन बाजारपेठेत पोचलेला असतो आणि इकडे दार आपल्या मनाने खाली यायला लागते. म्हणून तिकडे असे कोणी नसताना लागणारे दार हलण्याआधी किमान पाच सेकंद दिवा लुकलुकायला हवा आणि आवाजही व्हायला हवा, असा नियम आहे. दोन्ही हवेत. आमच्या पत्रलेखिकेच्या सासूबाईंना आवाज ऐकू येणार नाही, त्यांना दिवा दिसला पाहिजे. तोही पाठीमागे वर टांगलेला नव्हे, त्या ज्या बाजूला तोंड करून बसतात त्या बाजूला.

तेव्हा माझा सल्ला असा की डोळे बसवून, ते रोजच्या वापरात नीट चालतात हे दोन-तीन महिने पाहून मगच टायमर चालू करावा. तोही एका मिनिटाचा नको, गाडी काढणाऱ्याची पिशवी विसरली तर परत येईपर्यंत वेळ मिळावा. किरण तुटला की टायमरची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली पाहिजे. ती होते की नाही, हेही बसवणाऱ्याकडून करून दाखवून घ्यावे. आणि आजींनी तूर निवडायला दुसरी जागा शोधावी हे खरेच, पण तसे त्यांना सांगायचे कोणी, हा प्रश्न माझ्या सदरात बसत नाही!

टायमरशिवायही एक उपाय आहे आणि मला तो जास्त आवडतो. शटरच्या खालच्या टोकाला चुंबकाचा छोटा स्विच लावून त्याची तार स्वयंपाकघरातल्या लाल दिव्याला जोडायची. शटर उघडे आहे तोवर दिवा लागलेला. ओट्यापाशी उभ्या उभ्या कळते की दार उघडे राहिले. दुसरा तसाच दिवा बैठकीत, टीव्हीच्या वर लावा, म्हणजे 'मला काय माहीत' म्हणायला जागा राहत नाही. खर्च मोटरीच्या मानाने अगदी थोडा. गावातला कोणताही वायरमन हे करून देईल. दिवा दिसला की दारापाशी जायचे, खाली पाहायचे आणि बटन दाबायचे. पाहण्याचे काम माणसाकडेच राहते, ओढण्याचे मोटरीकडे जाते.

बटनाची जागाही बघून ठरवा. जिथून शटरचा तळ स्वच्छ दिसतो तिथेच बटन हवे. घरातल्या घरात, भिंतीआड नको. जमिनीपासून पाच फुटांवर बसवले की लहान मुलांचा हात पोचत नाही. रिमोट खुंटीवर उंच टांगावा, पोरांच्या हाती खेळायला देऊ नये. आणखी एक कारण आहे. शटरच्या पुष्कळशा मोटरी लागोपाठ चार-पाच मिनिटे चालल्या की तापून आपणहून बंद पडतात, जळू नयेत म्हणून केलेली ती सोय असते. पोट्ट्यांनी वर-खाली, वर-खाली केले की शटर अर्ध्यावर उभे राहते आणि मोटर थंड होईपर्यंत हलत नाही. बिघाड समजून लगेच मिस्त्री बोलावू नका, थोडा वेळ थांबा.

आता मोटर घ्यायच्या आधीचे काम. आहे ते शटर धड आहे का, हे पाहा. हाताने कमरेपर्यंत उचलून सोडा. हात जवळच ठेवा हं, आणि पाय खाली नको. चांगले शटर तिथेच थांबते किंवा अगदी हळू हलते. धाडकन खाली आले तर स्प्रिंगा थकल्या आहेत. त्या नीट केल्याशिवाय मोटर बसवली तर सगळे वजन मोटरीवर येते आणि वर्षा-दोन वर्षांत ती रडायला लागते. स्प्रिंगांचे काम मात्र घरी करायचे नाही. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा हात मोडू शकते. मुलगा कितीही हुशार असला, त्याने कितीही चित्रफिती पाहिल्या असल्या, तरी ते शटरच्या मिस्त्रीचेच काम.

मोटरीचे साधारण दोन प्रकार मिळतात. एक शटरच्या पाइपावर मधोमध बसते, ती स्प्रिंगांच्या, बेताच्या वजनाच्या घरगुती शटरला पुरते. दुसरी बाजूला बसते आणि साखळीने पाइप फिरवते, ती जड शटरसाठी. वीज गेली तर बाजूच्या मोटरीला हाताने ओढायची साखळी असते, तर मधल्या मोटरीला दोरी ओढून ती सोडवता येते आणि मग शटर हाताने चालते. देवळीकडे पावसाळ्याच्या तोंडाला वादळवारा सुटला की वीज जाणारच. म्हणून बसवणारा माणूस निघून जायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने, सुनेने आणि सासूबाईंनीसुद्धा, ती दोरी किंवा साखळी एकदा स्वतः ओढून पाहावी. 'मला दाखवलंय' असे एकट्या मुलाने म्हणून भागत नाही. तो घरी नसताना वीज जाते. दोरी आतल्या बाजूला असते हेही ध्यानात ठेवा. खोलीला दुसरे दार नसेल तर बाहेरून उघडायची किल्लीची सोय मागून घ्या. नाहीतर गाडी आत, आपण बाहेर आणि दवाखान्यात जायची घाई, असा प्रसंग यायचा.

विदर्भातल्या बहिणींसाठी एक खास गोष्ट सांगायची आहे. ती नागपूरच्या दुकानातला माणूस सांगेलच असे नाही. तुमची काळी माती! कापसाला ती सोन्यासारखी, पण बांधकामाला खोडकर. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. वरवर पुरलेले फाटकाचे खांब तिच्याबरोबर दरवर्षी थोडे हलतात. हाताने ओढायच्या फाटकाला हे चालून जाते, आपण जरा उचलून, जरा ढकलून काम भागवतो. यंत्राला उचलून ढकलणे समजत नाही. खांब बोटभर कलला की समोरासमोर लावलेले डोळे एकमेकांना दिसेनासे होतात. चौकट वाकडी झाली की शटर खाचेत अडते आणि मोटर ओढतच राहते. सरकत्या फाटकाचा रूळ तर पहिल्याच पावसात वरखाली होतो. म्हणून पाया काळ्या मातीच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत न्यावा किंवा तेवढी माती काढून मुरूम भरावा. डोळे वेगळ्या खांबांवर न लावता खोलीच्या भिंतीतल्या चौकटीवरच लावावेत. जुन्या गोठ्याच्या पायावर खोली उभी केली असेल तर भिंतीला तिरकी भेग आहे का ते आधी पाहा. असेल तर यंत्राचे पैसे तूर्त गवंड्याला द्या.

वर्ध्याकडचा उन्हाळा म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे. शटर पश्चिमेला तोंड करून असेल तर संध्याकाळचे तिरपे ऊन थेट किरण झेलणाऱ्या डबीवर येते आणि ती गांगरते, दार विनाकारण मागे फिरते. उपाय साधा आहे. झेलणारी डबी सावलीच्या बाजूला, म्हणजे जिच्या तोंडावर ऊन येत नाही अशी बसवायची. तळाची रबरी पट्टी उन्हाने कडक होऊन तडकते, ती दर पावसाळ्याआधी पाहावी. ती तडकली की बोटभर फट राहते, आणि मण्यारीसारख्या बारीक सापाला बोटभर फट पुरते. शटर आपोआप लागते म्हणून साप येणार नाही अशा भ्रमात राहू नका. अंधारात खोलीत पाऊल टाकण्याआधी दिवा लावायची सवय मोडायची नाही.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटरीला वेगळा एमसीबी, पक्के अर्थिंग, आणि झटका बसू नये म्हणून तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर. ओल्या अंगणात उभे राहून ज्या लोखंडाला आपण हात लावतो त्या लोखंडात वीज खेळवायची आहे, तेव्हा इथे काटकसर नाही. आकाशात गडगडाट सुरू झाला की मोटरीचा स्विच बंद करून ठेवावा.

दार आपोआप लागणाऱ्या खोलीत गाडीचे इंजिन चालू ठेवून कोणी बसता कामा नये, हे घरात सर्वांना बजावून सांगा. 'बॅटरी उतरलीय, जरा चालू ठेवतो' म्हणून गाडी सुरू करायची, तेवढ्यात टायमरने शटर खाली येते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. माणसाला नुसती झोप आल्यासारखे वाटते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. जनरेटर असेल तर तोही आत चालवू नका. भिंतीला वर-खाली दोन जाळ्या ठेवून हवा खेळती ठेवावी; जाळी मात्र बारीक, उंदीर-साप न शिरणारी.

आणि कापसाचे काय? पत्रात तिने सहज लिहून टाकले आहे, पण माझे लक्ष तिथेच अडकले. पेट्रोलची गाडी, तापलेला सायलेन्सर, विजेची मोटर आणि कापसाचा ढीग एका खोलीत! शटरला यंत्र बसो वा न बसो, कापूस तिथून हलवा. दुसरी जागा नसेल तर हंगामापुरत्या गाड्या अंगणात राहू द्या. ऊन लागले तर रंग जाईल, एवढेच.

काही घरांना या सगळ्याची गरजच नसते. शटर सारखे उघडावे लागते ते गाडीसाठी थोडेच! कोणी पाना काढायला जातो, कोणी सायकल काढतो, कोणी नुसता चप्पल शोधायला. एका माणसासाठी शंभर किलोचे दार उघडायचे आणि मग ते उघडे राहिले म्हणून कुरकुरायचे! आपल्या जुन्या वाड्यांना मोठ्या दरवाज्यात एक छोटी दिंडी असे. माणसे दिंडीतून ये-जा करत, मोठा दरवाजा गाडी-घोड्यापुरता उघडत. खोलीच्या बाजूच्या भिंतीत तसे एक लहान दार ठेवले आणि त्याला ऑफिसांच्या दारांना असतो तसा तेलाचा डोअर-क्लोजर लावला, तर ते दार आपोआप आणि हळू लागते. वीज लागत नाही, की रिमोट लागत नाही. क्लोजरला वेग कमी-जास्त करायचे स्क्रू असतात. उन्हाळ्यात आतले तेल पातळ होऊन दार आपटायला लागले तर स्क्रू किंचित आवळायचा. पण पार सैल करायचा नाही, तेल बाहेर येते. खेड्यात तर याहून सोपी युक्ती होती : दाराला दोरी, दोरी गडगडीवरून, टोकाला दगड. दार उघडले की दगड वर, सोडले की दगड खाली आणि दार बंद. लहान मुले असतील तर दगड उघडा टांगू नका, पाइपात सोडा.

मोटर घ्यायचे ठरलेच तर ती वर्ध्याहून आणा की नागपूरहून, पण दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येणार, हे आधी विचारा. सुटे भाग कुठे मिळतात, हमीच्या कागदावर डोळ्यांचा आणि कंट्रोल बॉक्सचा उल्लेख आहे का, हे पाहून मगच पैसे द्या. रिमोटचा संकेत दर वेळी बदलणारा असावा, एकच संकेत कायम असला तर दुसऱ्याच्या रिमोटवर त्याची नक्कल करता येते.

यंत्र बसल्यावर दर महिन्याला घरच्या घरी दोन परीक्षा घ्यायच्या. पहिली : दार खाली येत असताना बाजूला उभे राहून केरसुणीची दांडी किरणात धरायची, दार वर गेले पाहिजे. दुसरी, दाबपट्टी किंवा तशी सोय असेल तर : शटरच्या बरोबर खाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवायची आणि दार सोडायचे, फळीला टेकताच ते परतले पाहिजे. एकदा जरी चुकले तरी टायमर त्याच दिवशी बंद करायचा. मिस्त्री येऊन जाईपर्यंत शटर समोर उभे राहूनच लावायचे.

डोळ्यांच्या डब्या दर आठवड्याला सुक्या, मऊ फडक्याने पुसाव्यात. कापसाच्या दिवसांत रोज पुसल्या तरी जास्त नाही, कारण हवेतले बारीक तंतू आणि कोळ्याची जाळी त्यांच्यावर हमखास बसतात. ओले फडके नको, साबण तर मुळीच नको. शटर ज्या खाचांतून सरकते त्यांत ग्रीस भरू नका. त्याला धूळ आणि तंतू चिकटून काळा चिखल होतो. खाचा जुन्या टूथब्रशने झाडून, कापसाच्या बोळ्याने पातळ तेलाचा नुसता हात फिरवावा. उंबऱ्यावर साचलेला मातीचा थर खराट्याने काढून टाकायला विसरू नका. तो वाळून दगडासारखा झाला की शटर त्याच्यावर टेकते आणि आपली रबरी पट्टी जमिनीपर्यंत पोचतच नाही.